मार खाताना मुलं मोजणारी

छाया,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. मी तुमच्या विहारात मागच्या भिंतीला टेकून बसले होते, डावा हात प्लास्टरात, गळ्यात झोळी. बौद्धाचार्य वंदना घेत होते, बायका पदरात तोंड खुपसून रडत होत्या, तुझा नवरा मिलिंद फोटोकडे न बघता सारखा दाराकडे बघत होता. मग एकेक जण उठून बोलायला लागला. छायाबाई शांत स्वभावाच्या होत्या, छायाबाईंनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मला इतका संताप आला की समोरचं टेबल लाथेनं उडवावंसं वाटलं. शांत स्वभावाची! म्हणूनच मेलीस ना.

"वैशे, तुझ्या तोंडाला कुलूप नाय," असं तू मला म्हणायचीस. नाहीच आहे. आणि आता अडवायला तूही नाहीस, तेव्हा ऐक.

उद्या सकाळी मला चौकीत जायचंय, सविस्तर जबाब द्यायला. हाताला प्लास्टर घालताना मी जे काही बरळले ते त्यांनी लिहून घेतलं होतं, पण त्यात मारणाऱ्यांची नावं नाहीत, ते अर्धवट आहे म्हणतात. कोठडीत सध्या एकटी फुलमनी आहे, जिनं तुला पहिली थप्पड मारली ती. बाकीचे 'अनोळखी इसम'. फुलमनीला अडकवायचं की सोडवायचं हे आता माझ्या तोंडावर आहे. तू दवाखान्यात मला सांगून गेलीस की तिला सोड. मी हो म्हटलेलं नाही. आपलं भांडण तिथंच तुटलंय आणि तू मधेच उठून निघून गेलीस.

भांडायची सवय आपल्याला होतीच म्हणा. मुरूडपासून म्हसळ्यापर्यंत विजेच्या खांबाखांबावर 'शिक्षिका पाहिजेत' लावलेलं असतं. जेट्टीची, भरावाची कामं निघाली, बाहेरून माणसं आली, टेकडीवर बंगले उठले, आणि नाक्यानाक्यावर भिंतीला फुगे नि अस्वलं रंगवलेली एकेक बालशाळा उघडली. नोकऱ्याच नोकऱ्या. तू डी.एड., मी डी.एड. सरकारी भरतीची वाट बघता बघता दोघींचे केस पिकायला लागले, तेव्हा आपण मॅडमच्या शाळेत नर्सरीला लागलो. महिनाअखेरीला पाकीट मिळायचं. त्यात जे असायचं त्याला आपल्याच शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर हसायचा. आणि मे महिन्यात पाकीटच नाही, कारण मे महिन्यात मुलं येत नाहीत. मे महिन्यात आपल्याला पोटही नसतं असं मॅडमचं गणित असावं.

मी चिडून बोलायला लागले की तू हसायचीस. "अगो, पोरगं चिखलातनं येतं नि आपल्या पदराला हात पुसतं, त्यो काय कमी हाय? पोरं हाच आपला पगार."

"मग जा, वाण्याला सुट्टे म्हणून तुझ्या वर्गातल्या त्या बंट्याला देऊन ये," मी म्हणायचे. मिलिंदच्या मिनिडोर रिक्षात मागे बसून आपण घरी जायचो, आणि हे भांडण तुझ्या वाडीच्या फाट्यापर्यंत पुरायचं. उतरताना तू माझ्या पाठीत एक धपाटा घालायचीस. तेवढीच मारामारी तुला येत होती.

पण खोटं कशाला बोलू. मी पहिल्या दिवशी वर्गात उभी राहिले तेव्हा सगळा वर्ग भोंगा पसरून रडत होता, आणि मीही रडायच्या बेतात होते. तू आत येऊन माझा हात धरून मला खाली फरशीवर बसवलंस. "उभी ऱ्हाऊ नको. त्यांना तू झाडाएवढी दिसतेस." तेवढं शिकवलंस आणि आपल्या वर्गात निघून गेलीस. आमच्याकडे चूल थंड होती त्या दिवसांत तुझ्या डब्यात रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या निघायच्या. "सासूनं चुकून जास्ती केल्या," म्हणायचीस. रोज चुकत होती तुझी सासू. मी त्या मुकाट खाल्ल्या आणि तुला एकदाही धन्यवाद म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू भाकऱ्या आणायच्या बंद केल्या असत्या. आज म्हणते. ऐकू येत असेल तर ऐक.

ओळखपत्राचंही असंच. मी मॅडमकडे तीनदा मागितलं. "कार्ड दिलं की तुम्हाला कायम झाल्यासारखं वाटतं," असं त्या माझ्या तोंडावर म्हणाल्या. बाहेर आल्यावर मी आदळआपट करत होते आणि तू म्हणालीस, "कशाला हवं गो कार्ड? आपल्याला हितं कोण वळखत न्हाय?" तेव्हा मलाही ते पटलं. कारण खरंच, आगरदांड्याच्या धक्क्यापासून वर टेकडीपर्यंत छायाबाईला ओळखत नाही असं घर नव्हतं. आपल्या गावात नव्हतं. पण मॅडमना आपल्या गावाबाहेरची मुलं हवी होती.

भरावाच्या कामावरच्या मजुरांची ती वस्ती, रस्त्यापलीकडची. झारखंडची माणसं, निळ्या ताडपत्रीची घरं. ठेकेदार दर मुलामागे मॅडमना पैसे देणार होता आणि वस्तीजवळच्या हॉलमध्ये नवी शाखा निघणार होती. ठेकेदाराचा माणूस बघायला येणार, त्या दिवशी हॉल मुलांनी भरलेला दिसला पाहिजे. ज्या बाई मुलं आणतील त्यांची नोकरी जूनपासून पुढे चालू, बाकीच्यांना रजा. मॅडम हे हसत हसत म्हणाल्या. बिनपगारी मे महिन्यात आपण दोघी त्या कामाला निघालो. मी हॉलमध्ये सतरंज्या टाकत नि फुगे फुगवत बसले आणि तू वस्तीत गेलीस, कारण मुलं तुझ्याकडे येतात.

तिथं तू जी चूक केलीस ती आपल्याकडचीच बाई करू शकते. म्हातारीला सांगितलं की घराला सांगितलं, ही आपली रीत. इतकी वर्षं आपण मुलं अशीच उचलली. आईबाप शेतावर नाहीतर होडीवर गेलेले असतात, ओटीवर आजी सुकट निवडत बसलेली असते. "आजे, पोराला नेतेय गो." "ने बाय." झालं. तेवढ्यावर त्या मुलाची जबाबदारी आपली. तुला वस्तीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली एक म्हातारी बसलेली दिसली. तू वाकून, हात जोडून तिला सांगितलंस की मुलांना समोरच्या हॉलमध्ये नेते, तासाभरात आणून सोडते. तिनं मान हलवली. तुझ्या लेखी सगळ्या वस्तीनं परवानगी दिली. तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता छाया, आणि ती कुणाची आजी नव्हती. तापानं फणफणलेली ती मजूरच होती, कामावर जाता आलं नाही म्हणून बसलेली. ती तुझ्या हात जोडण्याला मान हलवत होती.

मग तू गाठी मारलेली ती लांब रस्सी काढलीस. एकेका गाठीला एकेक मूल. पुढं तू, हातात चॉकलेटची पिशवी, तोंडानं गाणं. हॉलच्या दारातून मला तुमची रांग येताना दिसत होती आणि मी मनात म्हटलं, आली बाई हिची आगगाडी. त्याच वेळी जेवणाची सुट्टी झाली होती. कामावरून बायका परतल्या, घरात एकही मूल नाही. ती म्हातारी रस्त्याकडे बोट दाखवत होती.

फुलमनी धावत आली. हे मी स्वतः बघितलं. तिनं तुझ्या रांगेतली आपली पोर गाठीवरून खेचून घेतली, कडेवर मारली आणि तुझ्या कानाखाली आवाज काढला. मला तो हॉलमध्ये ऐकू आला. तू गाल धरून तिला काहीतरी समजावत होतीस, मराठीत, आणि ती आपल्या भाषेत किंचाळत होती. रस्त्यावर एक डंपर थांबला. कुणीतरी मोबाईल वर धरला. आणि कुणीतरी ओरडलं, "पोरं पळवणारी हाय! धरा!" ते आपल्या मराठीत ओरडलं, छाया. झारखंडच्या माणसांनी नाही.

वस्तीतले लोक तुझ्याभोवती नुसते उभे होते, गोंधळलेले. मारायला आले ते मैदानावरून आले. क्रिकेटचे सामने चालू होते ना. बाईकवरून आली आपली पोरं, हातात स्टंप. "कार्ड दाखव! कुठली हायस? आयडी दाखव!" तुझ्याकडे काय होतं दाखवायला? चॉकलेटं. पिशवी फाटून ती रस्त्यावर पडली, आणि ती बघून तर त्यांना ऊतच आला. तुझे केस धरून तुला खाली पाडलं. पहिला स्टंप पाठीत बसला, मग बरगड्यांवर, मग पोटात लाथा. मी पोचले तेव्हा तुझी साडी फाटून गुडघ्यावर आली होती आणि एक जण बुटानं तुझा हात दाबून उभा होता. मी दिसेल त्याला ओरबाडलं. "शाळेतल्या बाई हायेत त्या!" मी ओरडत होते. कुणी ऐकत नव्हतं, सगळ्यांना मजा यायला लागली होती. एका स्टंपवाल्याचं मनगट माझ्या तोंडाशी आलं तसे मी त्यात दात रुतवले. रक्त तोंडात आलं तरी सोडलं नाही. त्यानं दुसऱ्या हातानं हेल्मेट माझ्या हातावर घातलं, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आला आणि मी त्याचा चेहरा बघितला. प्रतीक. मॅडमचा मुलगा.

गॅदरिंगला तू त्याला तुझ्या हातानं चहा दिला होतास. त्यानं तुला ओळखलं नाही. आपल्या आईच्या शाळेतल्या बायांचे चेहरे त्यानं कधी बघितलेच नव्हते. आणि बाकीच्यांच्या घरी तुला ओळखायच्या त्या आया नि आज्या, ही पोरं नव्हेत.

आणि तू काय करत होतीस? हे मला आठवलं की अजून माझे दात आवळतात. तू त्या मारात मुलं मोजत होतीस. "शाळेची बाई आहे", "अमक्या मॅडमची आहे", "मला सोडा", यातलं एक अक्षर नाही. रस्त्यावर पडून, तोंडातून रक्त येत असताना तू बोट वर करून मोजत होतीस, आणि मी तुझ्यावर आडवी पडले तेव्हा माझ्या कानात ओरडलीस, "वैशे, एक कमी हाय गो! एक गाडीखाली जाईल, बघ!" ते एक फुलमनीच्या कडेवर होतं. बाकीची रस्सी धरून रस्त्याच्या कडेला उभी होती, तू शिकवलंस तशी. एकानंही गाठ सोडली नव्हती. मॅडमचं नाव एकदा घेतलं असतंस तर प्रतीकचा हात थांबला असता. काय अडलं होतं तुझं?

हेच मी दवाखान्यात विचारलं. त्या दुपारी तू बऱ्यापैकी शुद्धीवर होतीस, नळ्या लावलेल्या, ओठ सुजून दुप्पट झालेले. तू म्हणालीस, "त्या बाईला पोलिसांनी नेलं काय? तिला सोडवा गो."

"तिनंच सुरुवात केली," मी म्हटलं. "तिची थप्पड नसती तर व्हिडिओ नसता, व्हिडिओ नसता तर ते कुत्रे आले नसते."

"माझी पोर कुणी अनोळखी बाई घेऊन चालली असती, तर मी काय केलं असतं? थप्पड मारून सोडली तिनं. मी तर दगूड घातला असता." हसायला गेलीस आणि बरगड्या धरून कळवळलीस. "तिचा हात उठला तो पोरीसाठी. बाकीच्यांनी मारलं तो माज. दोन्ही एक न्हाय, वैशे."

"मला दोन्ही एकच," मी म्हटलं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, दमलीस. आतमध्ये रक्तस्राव चालू होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी तू गेल्यावर कळलं.

मॅडम काल घरी आल्या. सफरचंदं घेऊन. माझ्या हाताकडे बघून हळहळल्या आणि म्हणाल्या, "छाया तशी आपल्या स्टाफवर नव्हती ना गं, आपण नुसतं मानधन द्यायचो. आणि वस्तीत ती स्वतःच्याच मनानं गेली होती." मग हळू आवाजात, की नव्या शाखेला प्रमुख हवी आहे, तुझ्यासारखी अनुभवी, पाकीट दुप्पट, मे महिन्याचंसुद्धा. फक्त चौकीत जे दिसलं तेच सांग. म्हणजे काय ते त्यांनीच सांगितलं. त्या वस्तीतल्या बायांनी मारलं, गर्दीत बाकी कुणी ओळखू आलं नाही. बाहेर गाडीत प्रतीक बसला होता. मेच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. मी त्याच्याकडे बघून दात दाखवले. त्यानं काच वर केली. सफरचंदं मी मॅडम फाटकातून बाहेर पडायच्या आत गोठ्यात फेकली.

चोर सोडून संन्याशाला सुळी, हे मला कळतंय. प्रतीकचं नाव मी घेणारच, त्यापासून मला दुप्पट काय दहापट पाकीटही अडवू शकणार नाही. पण फुलमनीलाही मी सोडणार नाही. तिलाही चांगलं अडकवायचं, तिनं तुला लाथाही मारल्या असं सांगायचं, असं मी ठरवून टाकलंय. तुझ्यासाठी कुणीतरी जास्तीचं भोगलं पाहिजे असं मला वाटतं. तू रागावली असतीस. रागाव.

इथवर काल लिहिलं आणि कडी वाजली. म्हणून थांबले. आता पुढचं लिहिते.

दारात एक मुलगी. विशीची, दोन वेण्या, खांद्याला पर्स. "मी स्नेहल, तळा गावाहून आलेय. छायाबाईंच्या जागेवर लागले." तुझ्या जागेवर. तुझं पुण्यानुमोदन होऊन दोन दिवस झाले होते छाया, आणि तुझ्या जागेवर हसऱ्या चेहऱ्याची पोर उभी होती. तीही डी.एड. तेच पाकीट. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "मॅडम म्हणाल्या, वैशालीबाईंना वस्ती माहीत आहे. हॉल अजून भरायचाय ना. उद्या मी मुलं आणायला जाणार आहे, येताय का सोबत?"

"ओळखपत्र दिलं?" मी विचारलं.

"जूनमध्ये देणार आहेत. तसं काही लागत नाही म्हणाल्या." आणि तिनं पर्स उघडून मला चॉकलेटची पिशवी दाखवली. "मुलं लगेच येतात याच्यानं."

माझा उजवा हात कधी उठला मला कळलं नाही. फाडकन बसली तिच्या कानाखाली. पिशवी खाली पडली, पोर भिंतीला टेकली, डोळ्यांत टचकन पाणी. "मरायचंय तुला? मरायचंय काय गो तुला?" मी किंचाळत होते. तिचा दंड धरून तिला गदागदा हलवलं, सोडलं, आणि तोच हात पुन्हा उगारला. शेजारच्या आवाटातल्या घरांतली माणसं धावत आली. त्या मुलीचा मला राग नव्हता. तिचं नावही मला पाच मिनिटांपूर्वी माहीत नव्हतं. तिला तिथं जाताना मी बघू शकत नव्हते, आणि ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, फक्त हात होता.

फुलमनीला मराठी येत नव्हती. तिच्याकडे तरी दुसरं काय होतं?

स्नेहल गाल धरून रडत म्हणाली, "बाई, मला नोकरी हवीय हो. घरी वडील आजारी आहेत." मी तिला जवळ घेतलं नाही, माफीही मागितली नाही. तुला कसं कसं मारलं ते तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. ती ऐकता ऐकता रडायची थांबली.

आज सकाळी आम्ही दोघी चौकीत गेलो. मी जबाब दिला. फुलमनीनं एक थप्पड मारली, तिची पोर अनोळखी बाईच्या हातात होती म्हणून, आणि पोर कडेवर घेऊन ती बाजूला झाली. जिवे मारलं ते प्रतीकनं आणि त्याच्या सोबतच्या चार जणांनी. पाचही नावं घेतली, बापांच्या नावांसकट. आपल्याच गावातली आहेत, पाठ आहेत मला. छाया तिथं स्वतःच्या मनानं गेली नव्हती, मॅडमनी पाठवली होती. तिथं स्नेहल मधेच बोलली, तिचा गाल अजून लाल होता. "खरं आहे साहेब, आज मलाही तिकडंच पाठवलं होतं."

साहेबांनी मला विचारलं, "कोठडीतल्या त्या बाईबद्दल पक्कं सांगताय ना? तुमच्या मैत्रिणीवर पहिला हात तिनंच टाकलाय." मी म्हटलं, पक्कं.

माझी नोकरी गेली. संध्याकाळी प्रतीकच्या मित्रांनी अंगणात दगड टाकला, पागोळीची कौलं फुटली. उद्या आणखी टाकतील. टाकू देत, त्यांच्याही बापांची नावं मला पाठ आहेत.

तर तुझं ऐकलं, छाया. पटवून दिलंस म्हणून ऐकलं असं समजू नकोस, माझा स्वतःचा हात उठला म्हणून ऐकलं. फुलमनीला मी सोडलं. बाकी एकालाही सोडलेलं नाही, आणि तू परत येऊन पाया पडलीस तरी सोडणार नाही.